एका दशकाचा आवाज : १९५१ ते १९६० ची गाणी आणि आपल्या घरातील वह्या

प्रास्ताविक

एखाद्या दशकाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की आपण ठराव, मोर्चे, निवडणुका, कायदे आणि पुढाऱ्यांची भाषणे गोळा करतो. हे साहित्य महत्त्वाचे आहेच. परंतु त्याच दशकात माणसे गिरणीच्या पाळीवरून परतताना काय गुणगुणत होती, लग्नाच्या मांडवात काय गात होती, सभा सुरू होण्यापूर्वी मैदानात कोणाचा आवाज घुमत होता, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. भाषण ऐकणारा माणूस त्यातील दोन-तीन वाक्ये घरी घेऊन जातो. गाणे मात्र तो पूर्ण घेऊन जातो आणि मुलांनाही देतो. म्हणून एखाद्या काळाचा खरा आवाज ऐकावयाचा असेल तर त्या काळाच्या गाण्यांकडे जावे लागते.

याच विचाराने आमच्या अभ्यासवर्गात आम्ही विद्यार्थ्यांना एक काम दिले. घरातील अथवा शेजारच्या ऐंशी वर्षांपुढील एखाद्या व्यक्तीकडून धम्मदीक्षेच्या सुमारास म्हटले जाणारे एक गाणे उतरवून आणावयाचे, एवढेच ते काम. मुलांनी गाणी आणली. त्यांतील काही इतकी सुंदर होती की वर्गात शांतता पसरली. परंतु बहुतेक गाण्यांखाली कवीचे नाव नव्हते. "हे कोणी लिहिले?" असे विचारले की उत्तर एकच येई : "आमची आजी म्हणायची." ही उणीव मनाला लागली आणि त्यातूनच प्रस्तुत लेख सिद्ध झाला. १९५१ ते १९६० या दशकाचा आवाज कोणकोणत्या गाण्यांत साठला आहे, त्यांपैकी काय टिकले, काय हरवले आणि आज आपल्या हाती काय करणे उरले आहे, याचा विचार येथे केला आहे.

दशकाची चौकट

गाण्यांकडे जाण्यापूर्वी त्या दहा वर्षांतील ठळक घटना ध्यानात घेऊ. राज्यघटना अंमलात येऊन एकच वर्ष झाले होते. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

एवढ्या घडामोडी एका दशकात झाल्या. अशा काळात माणसे गप्प राहणे शक्यच नव्हते. ती गात होती, आणि चार दिशांनी गात होती : चित्रपटातून, आकाशवाणीवरून, शाहिरांच्या डफावरून आणि वस्तीतील गायन पार्ट्यांतून.

तबकडी आणि रेडिओ

त्या वेळी गाणे घरी येण्याचे मार्ग दोनच होते. पहिला मार्ग तबकडीचा. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. चित्रपटातील गाणी एक मुखडा आणि दोन-तीन अंतरे एवढ्या मापाची का असत, याचे एक कारण या तीन मिनिटांत आहे. फोनोग्राफ ही श्रीमंताघरची वस्तू होती. गरिबाला ती हॉटेलात किंवा लग्नाच्या मांडवात ऐकू येई.

दुसरा मार्ग रेडिओचा. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना काढावा लागे व त्याचे शुल्क भरावे लागे. त्यामुळे एका चाळीत एक रेडिओ आणि त्याच्याभोवती सारी चाळ, असे चित्र असे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला प्रतिष्ठा मिळावी हा त्यांचा आग्रह होता आणि त्यापायी आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली. लोकांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरात पोहोचला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाही 'विविध भारती' सुरू करावी लागली. लोकांना जे गाणे हवे असते ते सरकारी हुकमाने थांबत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

येथे आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. १९४० पासून आकाशवाणीवर बाजाच्या पेटीला म्हणजे हार्मोनियमला मज्जाव होता आणि तो या संपूर्ण दशकात कायम राहिला. आमच्या वस्त्यांतील गाणे तर पेटी, ढोलकी आणि टाळ्या यांवरच उभे होते. ज्या वाद्यावर गरिबाचे गाणे चालत असे, त्या वाद्याला आकाशवाणीच्या दारात प्रवेश नव्हता.

चित्रपटगीतांतील दशक

या दशकाचा सूर ज्यांत स्पष्ट ऐकू येतो अशी चित्रपटगीते निवडावयाची झाली तर आम्ही पुढील क्रम लावू.

पहिले, 'आवारा' (१९५१) या चित्रपटाचे शीर्षकगीत. शंकर-जयकिशन यांचे संगीत, मुकेश यांचा आवाज आणि शैलेंद्र यांचे शब्द. घरदार नसलेला, पण मान खाली न घालणारा माणूस या गाण्यात उभा आहे. ते सोव्हिएत रशियातही घरोघरी गायले गेले. हे शैलेंद्र मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करीत असत आणि इप्टा या लोकनाट्य संघटनेत कविता म्हणत असत. त्यांचे कुटुंब मूळचे बिहारमधील दलित समाजातील होते, ही गोष्ट त्यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या कुटुंबीयांनी उघडपणे मांडली. 'दो बिघा जमीन' (१९५३) मधील शेतकऱ्यांची गाणीही त्यांचीच. ती सलील चौधरी यांनी स्वरबद्ध केली.

दुसरे, 'अलबेला' (१९५१) मधील गाणी. त्यांचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर हे आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. नायक भगवानदादा हे गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले. या गाण्यांत ट्रंपेट वाजविणारे चिक चॉकलेट हे गोव्याचे. पुढे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या वाद्यवृंदाची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसूझा हेही गोव्याचेच. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी या दशकाच्या हिंदी गाण्याला त्याचा भरीव नाद दिला.

तिसरे, 'नागिन' (१९५४) मधील बीनचा सूर. गावोगावी वाजंत्र्यांनी तो उचलला. वास्तविक तेथे बीन नव्हतीच. क्लाव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजींनी तो सूर काढला होता.

चौथे, 'सी.आय.डी.' (१९५६) मधील मुंबईवरचे गाणे. मजरूह सुलतानपुरी यांनी या शहरात जगणे किती कठीण आहे हे हसत हसत सांगितले. त्याची चाल एका जुन्या अमेरिकन लोकगीतावरून घेतलेली आहे. ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो. तिचा उपयोग पुढे होईल.

पाचवी, साहिर लुधियानवी यांची तीन चित्रपटांतील गाणी : 'प्यासा' (१९५७), 'नया दौर' (१९५७) आणि 'फिर सुबह होगी' (१९५८). 'नया दौर'मध्ये टांगेवाले मिळून रस्ता बांधतात तेव्हाचे श्रमाचे गाणे आशेचे आहे. 'प्यासा'त देशाभिमान्यांना विचारलेला प्रश्न संतापाचा आहे. तर 'फिर सुबह होगी'त पहाट येईल हा भरवसा आहे. आशा, संताप आणि भरवसा या तीन भावना दोन वर्षांत एकाच कवीने लिहिल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीचे मन यापेक्षा नेमके क्वचितच कोठे सापडेल.

आकाशवाणी पुणे आणि 'गीतरामायण'

१ एप्रिल १९५५ पासून पुढे वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर यांचे शब्द व सुधीर फडके यांचे संगीत असलेले 'गीतरामायण' दर आठवड्याला प्रसारित झाले. एकूण ५६ गीते झाली. मराठी भावगीताचे ते शिखर मानले जाते आणि त्याच्या काव्यगुणाविषयी दुमत नाही. आम्हांस येथे वेगळी गोष्ट दाखवावयाची आहे. या प्रत्येक गीताचा कवी, गायक, राग आणि प्रसारणाचा दिवस आज आपल्याला सांगता येतो. शब्द छापले गेले, स्वर मुद्रित झाले, पुस्तक निघाले. ती मालिका संपून काही महिनेच होतात तोच नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि शेकडो गाणी जन्मास आली. त्यांतील किती गाण्यांविषयी आपण एवढी माहिती देऊ शकतो? दोष कोणाला देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या गाण्यामागे संस्था उभी असते त्याची नोंद राहते. ज्या गाण्यामागे फक्त माणसे असतात, त्याची नोंद त्या माणसांनीच ठेवावी लागते.

शाहिरांचा डफ

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली 'लाल बावटा' कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदाने भारून टाकली. अण्णाभाऊ वाळवे तालुक्यातील वाटेगावचे, मातंग समाजातील. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड या दशकाचा आवाज म्हणून सर्वांत आधी सांगितली पाहिजे. तिची बांधणी विद्यार्थ्यांनी अभ्यासण्यासारखी आहे. आरंभी पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. ऐकणाऱ्या गिरणी कामगारापैकी जवळजवळ प्रत्येकाची हीच स्थिती होती. त्यामुळे तो पहिल्या कडव्यातच गाण्यात शिरतो. नंतर हळूहळू ती ताटातूट महाराष्ट्राची आणि त्याच्यापासून तोडल्या जाणाऱ्या मराठी मुलुखाची ताटातूट होते. खासगी दुःखातून सार्वजनिक मागणीकडे श्रोत्याला कसे न्यावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

वस्तीतील गाणे

आता आपल्या अंगणात येऊ. बाबासाहेबांच्या चळवळीला गाण्याची जोड १९५१ च्या कितीतरी आधी मिळाली होती. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक व इतर जलसाकारांनी सत्यशोधकी जलशाचा वारसा घेऊन आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. गण, बतावणी, वग हा तमाशाचा साचा त्यांनी ठेवला. त्यातील देवदेवतांची थोरवी आणि अचकटविचकटपणा काढून टाकला आणि शिक्षण, स्वाभिमान व मेलेली गुरे ओढण्यास नकार हे विषय आणले. भीमरावांनी १९७८ साली या जलशांवर पुस्तक लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला एवढे तरी सांगता येते.

१९५६ नंतर या गाण्यात दोन मोठे बदल झाले. पहिला बदल आशयाचा. १४ ऑक्टोबरच्या सकाळी नागपूरच्या मैदानावर लाखो कंठांतून त्रिशरण व पंचशील उमटले. ज्यांच्या पूर्वजांना पवित्र मानलेले शब्द कानावर पडू देण्यासही बंदी होती, ती माणसे पाली गाथा मोठ्याने म्हणत होती. आमच्या मते या दशकातील सर्वांत मोठा समूहस्वर हाच. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत महापरिनिर्वाण झाले. आनंदाची गाणी पुरती पाठ होण्यापूर्वी शोकाची गाणी रचावी लागली. त्यामुळे त्या काळच्या वह्यांत दीक्षेचा उल्हास आणि निर्वाणाचा आक्रोश एकाच पानावर पाठोपाठ आढळतो.

दुसरा बदल सादरीकरणाचा. वगनाट्य मागे पडू लागले आणि पेटी, ढोलकी, झांजा घेऊन बसणारी गायन पार्टी पुढे आली. दशकाच्या अखेरीस कव्वालीची लाट आली. 'अल हिलाल' (१९५८) मधील इस्माईल आझाद यांची कव्वाली आणि 'बरसात की रात' (१९६०) मधील रोशन यांच्या कव्वाल्या गल्लोगल्ली वाजल्या. दोन पार्ट्यांचा सवाल-जवाब हा प्रकार आपल्या तमाशाला नवा नव्हता. म्हणून कव्वालीचे मुकाबले वस्तीत सहज रुजले.

या काळातील कवींमध्ये वामनदादा कर्डक यांचे नाव अग्रभागी आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांना मिळाली नाही. अक्षरओळख मुंबईत आल्यावर, मोठेपणी झाली. १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले आणि १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत ते लिहीत व गात राहिले. पुढील दशकांत तबकड्या व कॅसेट आल्यावर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे आवाज घरोघर पोहोचले. परंतु १९५१ ते १९६० मधील बहुतेक गायन पार्ट्यांचे आवाज कोठेही मुद्रित झालेले नाहीत.

चालीवरून काळ ओळखणे

आपले कवी चित्रपटाच्या चाली घेतात, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. सी.आय.डी.चे उदाहरण वर दिलेच आहे. नामांकित संगीतकारही चाली घेत असत. आपल्या कवीला तर त्याचे सबळ कारण होते. चाल आधीच सर्वांना ठाऊक असली की एकदा ऐकून शंभर माणसे कोरस धरतात. संगीतकार लागत नाही, स्वरलिपी लागत नाही, तालीमही फारशी लागत नाही.

अभ्यासकाला याचा वेगळाच लाभ होतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीच्या मेळाव्यात विकल्या जाणाऱ्या गीतांच्या छोट्या पुस्तिका पाहा. प्रत्येक गाण्यावर "चाल :" असे लिहून एखाद्या गाण्याचा मुखडा दिलेला असतो. जुन्या वह्यांतही तसेच असते. ही एक ओळ म्हणजे काळाचा शिक्का आहे. चाल 'नागिन'मधील असेल तर ते गाणे १९५४ पूर्वीचे असू शकत नाही. ते नंतरचे कितीही असू शकते, हेही तितकेच खरे. म्हणून गाण्यातील इतर खुणा पाहाव्यात. दीक्षेचा उल्लेख असेल तर गाणे ऑक्टोबर १९५६ नंतरचे. 'नवे पैसे' आले असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. द्विभाषिक राज्यावर टीका असेल तर बहुधा नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६० या मधले. फेडरेशनचा जयघोष असेल तर बहुधा ऑक्टोबर १९५७ पूर्वीचे. अशा तीन-चार खुणा जुळल्या की तारीख नसलेल्या गाण्याचाही काळ बराचसा ठरविता येतो.

शिवाय चालीची नोंद असली की हरवलेले गाणे पुन्हा गाताही येते. आजीचा आवाज मुद्रित झाला नाही. पण ज्या चित्रपटगीताची चाल तिने घेतली, ते आजही ऐकता येते. त्यावर तिचे शब्द ठेवले की गाणे उभे राहते. आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने असे करून दाखविले, तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध सभासदांनी न सांगता दुसरे कडवे उचलले. साठ वर्षांत ते गाणे आपण म्हटले नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले.

शेवटचे कडवे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कवींची नावे गेली कोठे?

उत्तर गाण्याच्या रचनेतच आहे. संतांच्या अभंगाप्रमाणे आपल्या लोककवींच्या गाण्यातही शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असते. तीच त्याची सही. छापखाना नसलेल्या माणसाने आपल्या कवितेवर मालकी नोंदविण्याचा हाच मार्ग होता. पण कार्यक्रमात वेळ कमी पडतो, गायक चारऐवजी दोन कडवी म्हणतो. पहिली दोन कडवी सर्वांना आवडतात, तीच पाठ होतात, आणि शेवटचे कडवे गळते. त्याबरोबर कवीही गळतो. आमच्या मुलांनी आणलेल्या गाण्यांत नेमके हेच झाले होते. त्यांतील बहुतेक गाणी दोन कडव्यांवर संपत होती.

यात आमचाही दोष आहे. संस्थेच्या जयंती कार्यक्रमात पाहुण्यांच्या भाषणाला वेळ मिळावा म्हणून "दोनच कडवी म्हणा" असे गायकांना आम्हीच अनेकदा सांगितले आहे. आमच्यापैकी एकाच्या घरी आजोबांची गाण्यांची वही होती. घर बदलताना ती रद्दीत गेली. वहीत काय होते हे आता कोणालाच सांगता येत नाही. तिच्यावर निळ्या शाईत "गायन पार्टी" असे लिहिले होते, एवढेच स्मरते. ज्या समाजाला शतकानुशतके लिहू दिले नाही, त्याच्या पहिल्या पिढीने लिहिलेली वही तिसऱ्या पिढीने वजनावर विकली, हे मान्य करताना आम्हांस लाज वाटते.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१९५६ साली पंधरा वर्षांची असलेली व्यक्ती आज ऐंशी ओलांडून गेली आहे. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे एक तरी नोंद करावी.

१) गाणे जसे म्हटले जाते तसेच लिहावे. बोलीतील शब्द शुद्ध करू नयेत.
२) चाल कोणत्या गाण्याची, हे आवर्जून विचारावे.
३) कोणाकडून, कोठे आणि कोणत्या प्रसंगी ऐकले, ते लिहावे : दीक्षा, जयंती, लग्न, बारसे, अंत्ययात्रा.
४) साथीला कोणती वाद्ये होती व पार्टीत कोण कोण होते, ते लिहावे.
५) शेवटचे कडवे पुन्हा पुन्हा विचारावे. एकाला आठवत नसेल तर दुसऱ्याला विचारावे.
६) आज प्रत्येकाच्या हातात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. आवाज मुद्रित करावा आणि आरंभी तारीख व गावाचे नाव स्वतः बोलावे.
७) जुनी वही मिळाल्यास ती मालकाकडेच ठेवावी, पानांची छायाचित्रे मात्र संस्थेकडे द्यावीत.

समारोप

१९५१ ते १९६० या दशकाचा आवाज शैलेंद्र आणि साहिर यांच्या शब्दांत आहे, गोव्याच्या वादकांच्या ट्रंपेटमध्ये आहे, अण्णाभाऊंच्या छक्कडीत आहे. तेवढाच तो आपल्या माजघरातील ट्रंकेत, जुन्या लुगड्याखाली ठेवलेल्या वहीतही आहे. पहिल्या तिघांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. चौथीची काळजी आपल्यावाचून कोणी घेणार नाही.

येत्या जयंतीपासून आमच्या संस्थेने एक साधा नियम केला आहे. कार्यक्रमात गाणी कमी झाली तरी चालतील. जे गाणे म्हटले जाईल ते शेवटच्या कडव्यासह पूर्ण म्हटले जाईल आणि त्याआधी कवीचे नाव घेतले जाईल. नाव ठाऊक नसेल तर तसे सांगून, "कोणास माहीत असल्यास कळवावे" अशी विनंती सभेला केली जाईल. सभासदांनी व विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी हाच नियम पाळावा, ही नम्र विनंती.